‘समुदाय सक्षमीकरण’ला गोव्यात काय म्हणावं?

मांडवीकाठ: एका संस्थेचं पत्रक मराठीत करतेय. इल्हा ग्रांदे बेटावर पर्यटक नेणाऱ्या होडेकारांसाठी आहे: प्रवाळावर नांगर टाकू नका, डॉल्फिनमागे होडी पळवू नका, पर्यटनाची कमाई गावातच राहू दे. मथळा दिला ‘समुदाय सक्षमीकरण’. बायण्याच्या किनाऱ्यावर एका काकांना वाचायला दिलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “म्हणजे आमी आतां मेरेन अक्षम आशिल्ले?” (म्हणजे आम्ही आतापर्यंत अक्षम होतो?) आणि पत्रकावर शेंगदाणे ओतून घेतले. दुसरा शब्द सुचवा.

शब्दपारखी: काहीही करा, ‘सशक्तिकरण’ नको. ते हिंदी. मराठीत ‘सशक्तीकरण’, ‘ती’ दीर्घ. त्यापेक्षा ‘सबलीकरण’ सोज्वळ.

खाजनवाला: दीर्घ करा नाहीतर ऱ्हस्व, काकांचा प्रश्न तिथेच. सबल करायचं म्हणजे आधी दुर्बल ठरवायचं! खरी गोम ‘समुदाय’मध्ये आहे. कोमुनिदाद या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच समुदाय. इथे ती गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. पण त्यात गावकार, म्हणजे गाव वसवणाऱ्या घराण्यांचे पुरुष वारस. जोण, म्हणजे कोमुनिदादच्या उत्पन्नातला गावकाराचा वाटा, घ्यायला आमचे आजोबा कोट घालून जायचे. रक्कम हसण्याजोगी, रुबाब मात्र बघावा! शेजारच्या खारव्याला, म्हणजे मच्छीमाराला, त्यातलं काही नाही. तुमचा होडेकार कुठल्या समुदायातला?

मांडवीकाठ: मग ‘गावकऱ्यांच्या हाती कारभार’?

खाजनवाला: इथे त्याचंही ‘गावकार’च ऐकू येणार.

रापणकन्या: आमच्या घरची रापण होती, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. जाळं ओढून झालं की वाळूवर बांगड्यांचे वाटे पडायचे, मालकाचा वेगळा, ओढणाऱ्यांचे वेगळे. कमीजास्त झालं तर आई लांबूनच ओरडायची. ‘पर्यटनात आमचा वाटा’ लिही. काकांना फोड करून सांगावं लागणार नाही.

शब्दपारखी: बोलायला ठीक. छापील मजकुराला काही दर्जा हवा की नको?

रापणकन्या: दर्जा शेंगदाण्यांना मिळाला की.

जुवेंकार: आधी ते ‘बेट’ काढा. इल्हा म्हणजेच बेट, मग ‘इल्हा ग्रांदे बेट’ म्हणजे पिवळा पीतांबर! आणि आमच्याकडे बेट बांबूचं. पाण्यातल्या बेटाला कोकणीत जुंवो. माझ्या मते ‘जीव’वरून आलाय, पुरात जीव वाचवणारी जागा.

शब्दपारखी: निराधार. द्वीप, दीव, मग मांडवीतलं बेट दिवाडी, अशी सरळ वाट असताना जीव कुठून आणलात?

जुवेंकार: मग त्याच वाटेनं ‘जुंवो’ काढून दाखवा.

मांडवीकाठ: मंडळी, पत्रक उद्या छपाईला जातंय.

जुवेंकार: जाऊ दे. शब्दपारखींनी एकदा आमच्या जुव्यावर यावं, सात शिरांची भेंडी खाऊ घालतो.

शब्दपारखी: भेंडी की भेंडो?