मूत्राशय किती भरलंय हे घरी सांगणारं उपकरण कोणी वापरलंय का?

पाठीच्या कण्याला मार लागल्यापासून बाबांना लघवीची जाणीवच होत नाही. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढतो आणि मोजून वहीत लिहितो. आता ती वहीच माझं डोकं खाते आहे. दुपारी जेमतेम १२० मिली, आणि पहाटे तेवढ्याच अंतराने ६५०! डॉक्टरांनी बजावलंय की ५०० च्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे पहाटे उशीर झाला आणि दुपारी नळी उगाच घातली. दिवसभर पाय खाली असतात, त्यात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, म्हणून रात्री लघवी जास्त होते, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाले. पटलं. पण घड्याळाला हे कुठे कळतं?

वॉर्डात असताना सिस्टर ओटीपोटावर जेल लावून छोटा प्रोब टेकवायच्या, की स्क्रीनवर मिलीचा आकडा यायचा. ना सुई, ना नळी. तसं हातातलं स्कॅनर घरी जमतं का? की जपानच्या डीफ्रीसारखं, पोटाला लावून ठेवायचं आणि फोनवर सूचना देणारं बरं? दोन्ही अल्ट्रासाउंडवरच चालतात ना?

कृपया स्वतः वापरलेल्यांनी सांगा. जाहिराती वाचून झाल्यात.

प्रतिसाद १
ताई, दोन्ही अल्ट्रासाउंडच. फरक असा की स्कॅनर मिली सांगतं आणि अंगावरचं उपकरण मुख्यतः 'भरत आलंय' एवढंच. माझ्या मिस्टरांसाठी आम्ही स्कॅनर वापरतो. पहिला आठवडा नुसता पडताळा घ्या: नळीआधी स्कॅन, मग मोजपात्र, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. थोडा फरक राहणारच. प्रोब जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या हाडाच्या) अगदी वर टेकवून खाली पायांकडे कलता धरा. मूत्राशय रिकामं असलं की ते हाडाआड लपतं, तेव्हा कमी आकड्यावर फार विसंबू नका. पोटात पाणी झालं असेल तर यंत्र तेही लघवी समजून मोजू शकतं.

आणि एक, हे कोणी सांगत नाही. यंत्राला किती भरलंय ते कळतं, आतला दाब नाही. मूत्रपिंडांना धोका दाबाचा असतो, म्हणून युरोडायनॅमिक तपासणी (त्यात मूत्राशयातला दाब मोजतात) चुकवू नका. मार कुठल्या मणक्याला आहे? छातीच्या सहाव्या किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, घाम फुटला, तर स्कॅन करत बसू नका. आधी बसतं करा आणि नळी घाला.

धागाकर्ती
दहाव्या, त्यामुळे तेवढं तरी टळलं. दाबाचं खरंच माहीत नव्हतं, पुढच्या भेटीत विचारते. पडताळ्याची कल्पना आवडली, वही आहेच.

पहाटेचं कोडं मात्र सुटत नाही. स्कॅन करायचं तर मलाच उठावं लागणार, मग नळीच का नको? बाबा कुशीवर झोपतात. अंगावरचं उपकरण रात्रभर जागेवर राहतं का, कोणी सांगेल?