क्लॅटचं लॉजिकल रीझनिंग: उताऱ्याला घड्याळ लावावं की नाही?

पोटकलम:
क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. १२० मिनिटांत १२० प्रश्न, म्हणून ‘प्रश्नाला एक मिनिट’ हा हिशोब सगळीकडे शिकवला जातो. लॉजिकलमध्ये, म्हणजे तर्काच्या विभागात, तो फसतो. इथले २२ ते २६ प्रश्न साधारण ४५० शब्दांच्या उताऱ्यांवर असतात. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्याची सव्वादोन मिनिटं नुसत्या वाचनात जातात, आणि तोवर एकही गोळा रंगलेला नसतो. माझं मत, हिशोब प्रश्नावर नको, उताऱ्यावर करा. सहा प्रश्नांचा उतारा साडेसात मिनिटांत: वाचन सव्वादोन, प्रत्येक प्रश्नाला ४५ सेकंद, उरलेला पाऊण मिनिट ओएमआरला, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे गोळे भरायला. चार उताऱ्यांची झाली ३० मिनिटं. जास्तीचा वेळ जीकेतून काढायचा, कारण तिथे उत्तर एकतर येतं किंवा येत नाही. साडेसात मिनिटं संपली की उरलेले प्रश्न सोडून पुढे. क्लॅटला विभागवार वेळ नसल्यामुळे अडवणारं कोणी नाही. नाहीतर लॉजिकल ४५ मिनिटं गिळतं आणि गणिताचे दहा-बारा सोपे प्रश्न न वाचताच राहतात.

शंकासुर:
साफ अमान्य. वेळ वाचनात जात नाही, शेवटच्या दोन पर्यायांमध्ये हेलपाटे घालण्यात जातो. निष्कर्ष कोणता आणि त्याचा आधार कोणता हे वाचतानाच ठरलेलं नसतं, मग प्रत्येक पर्यायासाठी उतारा पुन्हा चाळावा लागतो. अशा मुलाला घड्याळ लावलंत तर तो तीच चूक जास्त वेगाने करेल.

उदाहरण घ्या. ‘हेल्मेटसक्तीनंतर डोक्याला मार लागलेले रुग्ण घटले, म्हणजे सक्ती यशस्वी झाली.’ गृहीतक विचारलंय. पर्याय बघण्याआधीच डोक्यात यायला हवं की रुग्ण घटण्याचं दुसरं काही कारण नाही. मग ‘त्या काळात रस्त्यावरच्या दुचाकी लक्षणीय कमी झाल्या नव्हत्या’ हा पर्याय लगेच डोळ्यांत भरतो. खात्रीसाठी तो उलटा करून बघा: दुचाकीच निम्म्या झाल्या असतील तर युक्तिवाद कोसळतो. ही उलटवून बघायची चाचणी फक्त शेवटच्या दोन पर्यायांवर करायची. चारही पर्यायांवर करणारे पुष्कळ आहेत, दीड मिनिट तिथेच उडतं. आधी घड्याळ बंद ठेवून समासात निष्कर्षाला ‘नि’ आणि आधाराला ‘आ’ अशी खूण करायची सवय लावा. वेग त्यातूनच येतो.

तिसरा_बाक:
दोघेही उतारा आधी वाचायला सांगताय. आधी प्रश्न वाचले तर काय शोधायचं ते कळतं, निम्मं वाचन वाचतं.

पोटकलम:
@तिसरा_बाक, आपल्या महाराष्ट्राच्या लॉ सीईटीतल्या सुट्या, दोन-तीन ओळींच्या प्रश्नांना ते चालतं. क्लॅटच्या उताऱ्याखाली पाच-सहा प्रश्न असतात, तेवढे डोक्यात राहत नाहीत. शिवाय त्यातले बरेचसे ‘खालीलपैकी कशाने लेखकाचा युक्तिवाद कमकुवत होतो’ याच साच्याचे. ते आधी वाचून शोधणार काय?

@शंकासुर, खुणांचं मान्य. पण घड्याळाविना केलेला सराव परीक्षेत टिकत नाही. मॉक (सराव परीक्षा) वेळ लावूनच द्या. मग उत्तरतालिका न उघडता, अडलेले प्रश्न निवांत पुन्हा सोडवा. दुसऱ्या खेपेला बरोबर आले तर दुखणं वेगाचं, तेव्हाही चुकले तर तर्काचं. हा फरक कळल्याशिवाय औषध कसलं देणार?

शंकासुर:
ही दुहेरी तपासणी उत्तम, पण ती माझ्याच बाजूची आहे. तर्क कच्चा निघाला तर साडेसात मिनिटांची शिस्त काय कामाची? आणि ‘उरलेले सोडून पुढे’ म्हणजे कोरे सोडायचे का? चुकीला ०.२५ वजा, पर्याय चार. डोळे मिटून ठोकलं तरी सरासरी ०.०६ हाती लागतो. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर ०.१७, दोन झाले तर ०.३८. एकही पर्याय बाद केला असेल तर कोरं ठेवणं तोट्याचंच.

तिसरा_बाक:
सीईटीला उणे गुण नाहीत, तिथे हा प्रश्नच येत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत सगळं भरून टाकायचं. क्लॅटमध्ये मात्र तुमचा ०.३८ कागदावरचा आहे. उरलेल्या दोनातला एक पर्याय फसवण्यासाठीच लिहिलेला असतो, बहुतेकदा उताऱ्यातलेच शब्द उचलून. घाईत हात त्याच्याकडेच जातो, मग शक्यता निम्मी कुठली?

पोटकलम:
म्हणूनच घाईत ठोकू नका. प्रश्नाशेजारी बाद पर्यायांवर काट मारून ठेवा आणि गणित संपल्यावर परत या. फक्त ओएमआर शेवटावर टाकू नका, प्रत्येक उताऱ्यानंतर भरा. मधला प्रश्न सोडला की पुढची सगळी उत्तरं एका ओळीने सरकतात, आणि पेनाने भरलेला गोळा खोडता येत नाही.

शंकासुर:
ओएमआरवर वाद नाही. साडेसात मिनिटांवर आहेच.