लकव्यानंतर बाबांच्या पायाचा पंजा उचलत नाही, स्प्लिंट घालायलाही तयार नाहीत

मनीषनगरवाला:
बाबांना जानेवारीत लकवा मारला, उजवी बाजू. आता काठी घेऊन चालून राहिले पण पंजा लटकतो, बोटं फरशीवर घासत जातात, मग अख्खा पाय बाहेरून गोल फिरवून पुढे टाकतात. काल कूलरच्या पाइपात अंगठा अडकून पडता पडता वाचले. मेडिकल स्टोअरमधून पंजा वर धरणारा रेडिमेड स्प्लिंट आणला तर घोट्याला घासतो म्हणून काढून ठेवला, आणि त्यावरून घरात बूट घालणार नाही म्हणतात, देवघर आहे ना. तेल मालिश सुरू आहे. पंजा परत उचलतो का कोणाचा?

धंतोलीची लेक:
आईचं सेम होतं भाऊ. घरातला बुटांचा जोड वेगळाच घ्या, तो बाहेर न्यायचाच नाही, मग आमची आजीपण काही बोलली नाही 😄 देवघराच्या दाराशी खुर्ची ठेवली, तिथूनच नमस्कार. नुसत्या स्प्लिंटवर टाइल्सवर चालू नका देऊ, सर्रकन घसरतो. बूट एक नंबर मोठा, वेल्क्रोवाला, आतून लांब सुती मोजा, नाहीतर आपल्या मे महिन्यात घामाने कातडी सोलून निघते. आणि कूलरचे पाइप-वायर भिंतीकडून घ्या बाप्पा आधी!

फिजिओ_विदर्भ:
काठी डाव्या हातात आहे ना? कमजोर पायाच्या उलट बाजूला पाहिजे.
पंजा वर ओढणारा स्नायू नडगीच्या पुढे असतो, त्याला मेंदूचा हुकूम नीट पोचत नाही, आणि मागची पोटरी उलट कडक होत जाते. मालिशने बरं वाटेल, पंजा उचलणार नाही. पोटरीचं स्ट्रेचिंग रोज हवं, कडकपणा फारच असला तर डॉक्टर पोटरीत बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) देतात, त्याचा असर साधारण ३ महिने. पंजा उचलायची करंटची मशीनपण असते, पण ती कोणाला चालेल ते तपासूनच. सुधारणा पहिल्या ३ ते ६ महिन्यांत जास्त दिसते, नंतरही होते पण हळू. स्प्लिंटने पाय आळशी होतो हे डोक्यातून काढा, पडून खुबा मोडला तर काय कराल? फक्त रेडिमेड सोडा, ऑर्थोटिस्टकडून (स्प्लिंट बनवणारा तज्ज्ञ) पायाचा साचा घेऊन एएफओ, म्हणजे घोटा-पंजाचा स्प्लिंट, बनवा. शुगर आहे का? असली तर स्प्लिंट काढला की रोज कातडी पाहा, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट ऑर्थोटिस्टकडून घासून नीट करून घ्यायचा, तोवर घालायचा नाही.

रेशीमबाग_काका:
जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर. आम्ही मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) फिजिओथेरपीत दाखवलं होतं, गर्दी असते, सकाळीच जा.

मनीषनगरवाला:
शुगर आहे ना, जुनी. तळव्याला चटका लागला तरी कळत नाही त्यांना, मग तो रेडिमेड बंदच करतो. ताई, आईचा साचा घेऊन बनवला होता का, आणि बूट दुकानात घेताना स्प्लिंट घालूनच ट्राय करायचा का?

धंतोलीची लेक:
हो साच्याचाच. आणि स्प्लिंट घालूनच ट्राय करा, बुटाच्या आतली गादी काढून.