मुलं मध्येच कुठे गळतात, याचा हिशेब कॉलेजने ठेवायचा की नाही?

भूगोल_शिकवते
तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात सतरा वर्षं भूगोल शिकवते आहे. एफवायला मस्टरवर १२० नावं असतात, टीवायपर्यंत त्यातली साठ-पासष्ट उरतात. बाकीची कुठे गेली असं विचारलं की 'लग्न झालं असेल', 'एमआयडीसीत लागला असेल' एवढंच ऐकू येतं. नेमकं कुणालाच माहीत नसतं.

कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की आम्ही रात्री आठ-आठपर्यंत फायली लावत बसतो. केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण २०१०-११ पासून सुरू आहे. त्यात प्रवेश किती, मुली किती, कोणत्या प्रवर्गाचे किती, पास किती, सगळं भरतो. पण ती त्या-त्या वर्षाची शिरगणती झाली. २०२२ ला आलेली एखादी मुलगी २०२५ ला पदवी घेऊन बाहेर पडली का, ते त्यातून कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक साधी गोष्ट केली. परीक्षा फॉर्म न भरलेल्यांची यादी ऑफिसातून घेतली आणि माझ्या हजेरीशेजारी ठेवली. त्यात प्रत्येकाचं गाव लिहिलं. एकेकटी बघितली असती तर सहा मुली 'आळशी' वाटल्या असत्या. गावं लिहिल्यावर दिसलं की सहाही जणी एकाच रस्त्यावरच्या. साडेचारची एसटी बंद झाली होती, पुढची पावणेसातला. प्रॅक्टिकल संपवून अंधारात उतरायचं, म्हणून घरच्यांनी यायचंच बंद केलं होतं. आगारात तीन खेटे घातल्यावर गाडी परत सुरू झाली. सहापैकी चौघी परीक्षेला बसल्या, दोघींची लग्नं ठरून गेली होती.

माझं म्हणणं इतकंच की प्रवेशाची तुकडी धरून प्रत्येकाचा माग पदवीपर्यंत ठेवावा. आणि गळती प्रवर्ग, मुलगा-मुलगी, गाव अशी मांडून दरवर्षी जाहीर करावी.

तासिका_तत्त्वावर
मॅडम, तुम्ही केलंत ते मनापासून आवडलं, पण ते तुम्ही केलंत, माहितीने नाही. मी तीन कॉलेजांत तासावर शिकवतो. मानधन पाच-पाच महिने येत नाही. विभागात कायम माणूस एक, बाकी आम्ही. आता यात आणखी एक पोर्टल आलं तर काय होईल ते सांगतो. एका ठिकाणी मस्टर सेमिस्टरच्या शेवटी, एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेलं मी पाहिलंय. जून ते ऑक्टोबर एकच शाई. असल्या हजेरीवर कुठलाही हिशेब मांडा, खोटाच निघणार. आधी जागा भरा. शिकवणारा कायम असला तर कोण येत नाही हे त्याला वही न उघडता कळतं.

अटलांटात_राहतो
इथलं उदाहरण देतो. आमच्या शहरातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २००३ मध्ये शंभरातले ३२ जण सहा वर्षांत पदवी घेत. पुढे हे प्रमाण पन्नाशीच्या वर गेलं आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो व गोऱ्या विद्यार्थ्यांमधली दरी जवळपास मिटली. २०१२ पासून तिथे आठशेहून अधिक धोक्याच्या खुणा रोज तपासतात. जुने निकाल चाळताना त्यांना दिसलं, की मुख्य विषयाच्या पहिल्या पेपरात 'सी' मिळालेला मुलगा पास धरून पुढे ढकलला जातो, पण तोच नंतर गळतो. आता त्याला त्याच आठवड्यात बोलावणं जातं.

तासिकावाल्या सरांचा मुद्दाही तिथे खरा ठरला. नुसतं सॉफ्टवेअर आणलं नाही, चाळीसच्या वर नवे सल्लागार नेमले. पदवीच्या तोंडाशी असताना थोड्या थकबाकीपायी नाव कापलं जाणाऱ्यांना छोटी अनुदानं दिली.

घरातली_पहिली_पदवीधर
मी विरोधात आहे, आणि का ते सांगते. एसवायला असताना शिष्यवृत्तीचे कागद अपुरे असलेल्यांची यादी आमच्या वर्गात मोठ्याने वाचली गेली होती. अकरा नावं. त्या दिवसापासून वर्गाच्या लेखी आम्ही 'ते अकरा' झालो. ती यादीसुद्धा मदतीसाठीच होती म्हणे. आता कॉम्प्युटर म्हणेल, 'ही मुलगी गळण्याची शक्यता जास्त', कारण बाप ऊसतोड कामगार, प्रवर्ग अमुक, गाव तमुक. हे वाचून शिकवणारा माझ्याकडे कुठल्या नजरेने बघेल? बारावीला मला ५१ टक्के होते. असल्या यंत्राने मला पहिल्याच दिवशी लाल खूण केली असती.

नागपूरचा_वकील
ताईंची भीती खरी आहे. अमेरिकेत मेरीलँडच्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात २०१६ च्या सुरुवातीला हेच बाहेर आलं. पहिल्या वर्षाच्या मुलांची पाहणी करून डळमळीत मुलं हुडकायची आणि सरकारी गणतीची तारीख येण्याआधीच त्यांना निरोप द्यायचा, म्हणजे टिकून राहिलेल्यांचं प्रमाण चांगलं दिसेल, असा अध्यक्षांचा बेत होता. बोभाटा झाल्यावर त्यांना पद सोडावं लागलं. गळती जाहीर करायची सक्ती झाली तर आपल्याकडचे संस्थाचालकही कच्च्या मुलांना प्रवेशालाच टाळतील. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, पण त्याच्या भरवशावर मी माझ्या मुलीची माहिती कुणाच्या हाती देणार नाही.

भूगोल_शिकवते
पहिली पदवीधर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ती यादी वाचणाऱ्यांत मीही असू शकले असते. माझं मत इथे बदलते आहे. एका मुलाविषयी काही ठरवताना जात, बापाचा धंदा, बारावीचे मार्क यातलं काही नको. आज जे घडतंय तेवढंच बघायचं, म्हणजे हजेरी तुटली का, फॉर्म भरला का, शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला का, केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय, कोणत्या पेपरात राहिली. प्रवर्ग फक्त एकूण आकड्यांत.

पण तो तिथून काढू नका. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं, की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती व ओबीसी मिळून १३ हजारांहून जास्त विद्यार्थी बाहेर पडले. का, याचं उत्तर होतं की विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते कोर्स किंवा संस्था बदलतात. कोण दुसरीकडे गेलं आणि कोण शिक्षणातूनच उठलं, हे वेगळं करून दाखवल्याशिवाय हे उत्तर खोडताही येत नाही आणि मानताही येत नाही. नोंद नसली की दोष मुलांच्याच माथी बसतो. तुमच्या अकराजणांपैकी किती पदवीपर्यंत पोचले?

घरातली_पहिली_पदवीधर
चार. बाकीच्यांपैकी दोघांचा निकाल फी थकली म्हणून राखून ठेवला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडवून घेतलाच नाही. हे कॉलेजने कुठे लिहून ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

तासिका_तत्त्वावर
जागा भरल्याशिवाय काही होणार नाही, यावर मी ठाम आहे. पण ते राखलेले निकाल हा मुद्दा पटला. ती यादी ऑफिसात असते, त्यासाठी माझी हजेरी लागत नाही. आमच्या क्लार्कना विचारतो. फॉर्मची शेवटची तारीख १२ आहे, अजून नऊ दिवस आहेत.

घरातली_पहिली_पदवीधर
विचारा. माझी एकच अट. जिच्याविषयी लिहाल, तिला तिचं पान आधी दाखवा.