‘आकुंचन’, ‘अरुंद’ की ‘बुजणे’?

नौपाडाकर: शेजारच्या दहा महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टात ‘पल्मनरी व्हेन स्टेनोसिस’ लिहिलंय. आजींना मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. ‘फुप्फुसनीलेचं आकुंचन’ म्हटलं, तर म्हणाल्या, “मग प्रसरणही होईल ना?” शब्द सुचवा.

वाशीकर: लहान मुलांच्या हृदयविभागात सिस्टर आहे, म्हणून लिहिते. आकुंचन नकोच. ‘नीला’ही फसवी. नाव निळ्याचं, पण फुप्फुसांतून हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) येणाऱ्या या शिरांत (बहुतेकांना चार) रक्त असतं लालभडक, ऑक्सिजन घेतलेलं. त्या अरुंद झाल्या की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. बाळाला धाप लागते, दूध ओढताना दमतं, अंग धरत नाही. आम्ही सरळ ‘शीर अरुंद झालीय’ म्हणतो. ‘ब्लॉकेज’ही टाळा. आजोबांची अँजिओग्राफी आठवते नि घरात तेला-तुपावरून वाद सुरू होतात. इथे चरबीचा संबंध नाही, शिरेची भिंतच आतून जाड होत जाते.

नौपाडाकर: आणि ‘सुचरलेस रिपेअर’? मी ‘बिनटाक्यांचं ऑपरेशन’ सांगून मोकळा झालो. आजी खूश आहेत.

वाशीकर: अरे देवा! आजच दुरुस्त करा. छाती उघडून, हार्ट-लंग मशीनवर ठेवून करतात, टाके असतातच. फक्त शिरेच्या कापलेल्या कडेवर टाका घेत नाहीत. अरुंद भाग उघडतात आणि कर्णिका भोवतालच्या हृदयावरणाला शिवतात. कडेवर टाका आला की तिथेच व्रण धरून शीर पुन्हा आवळते. ‘शिरेला टाका न लावता’ म्हणा. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

कळवेकर: ‘बुजणे’ का नको? टोचलेल्या कानात काही घातलं नाही तर भोक बुजतंच की.

वाशीकर: पुन्हा अरुंद होण्याला अगदी चपखल! जांघेतून नळी घालून, कर्णिकांमधल्या पडद्यातून पलीकडे नेऊन फुग्याने शीर रुंद केली, तरी काही आठवड्यांत-महिन्यांत बुजू शकते. शीर उघडी राहावी म्हणून आत बसवलेल्या स्टेंटच्या, म्हणजे जाळीदार नळीच्या आतही बुजते. शिवाय बाळ वाढतं, स्टेंट आपोआप वाढत नाही. तो फुग्याने मोठा करावा लागतो. म्हणून कॅथ लॅबच्या (जिथे अशी नळी घालून उपचार करतात) फेऱ्या एकीवर थांबत नाहीत. काही मुलांना शीर बुजू नये म्हणून सिरोलिमस हे औषधही देतात. तेव्हा पहिल्यांदा ‘अरुंद’, नंतर ‘परत बुजत आली’.

नौपाडाकर: टाक्यांचं सांगितलं, आजी जरा गप्प झाल्या. मग कानाचं सांगितलं. त्यांनी पदर सारून कानाच्या वरच्या पाळीवरचा बारीक खळगा दाखवला. बुगडीचं भोक, केव्हाच बुजलेलं. म्हणाल्या, “म्हणजे बुगडी काढायचीच नाही. तोच तुमचा स्टेंट ना?”