हृदय बाहेरून निरोगी, मग मत राखीव का?

प्रश्न : इंदूरमध्ये माझा ३४ वर्षांचा मामेभाऊ पोह्यांची बशी हातात असतानाच कोसळला आणि पंधरा मिनिटांत गेला. शवविच्छेदन अहवालात ‘हृदय तपासणीसाठी राखून ठेवले, मत राखीव’ एवढेच लिहिले आहे. मामी रोज विचारतात, काय सांगावे?

उत्तर १ : आपल्या दुःखात सहभागी आहे. मृत्यूच्या कारणाबद्दलचे मत राखीव ठेवणे म्हणजे टाळाटाळ नव्हे. हृदयविकाराचा झटका आल्यावर माणूस काही मिनिटांत गेला, तर मृत पेशींच्या खुणा उमटायला वेळच मिळत नाही. नुसत्या डोळ्यांना फरक साधारण बारा तासांनंतर दिसतो आणि सूक्ष्मदर्शकाखालीही पहिले काही तास फारसे काही हाती लागत नाही. म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या दोन-तीन मिलिमीटरवर आडव्या कापून गुठळी शोधतात. टेट्राझोलियम या रंग देणाऱ्या रसायनाच्या द्रावणात जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिकट राहतो. पण त्यासाठी ताजे ऊतक लागते, फॉर्मालिन या टिकवणाऱ्या द्रवात ठेवलेले चालत नाही.

उत्तर २ : वय पाहता एक गोष्ट जोडतो. स्नायूतंतू अस्ताव्यस्त विणलेले आढळले, तर हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार संभवतो. ठोके चालवणाऱ्या विद्युतसंदेशांतील काही दोषांत मात्र हृदय पूर्ण निर्दोष दिसते आणि उत्तर जनुकांतच सापडते. त्यामुळे रक्त वेगळे राखले आहे का, हे लेखी विचारा आणि सख्ख्या भावंडांचा ईसीजी व इको अहवालाची वाट न पाहता करून घ्या.

प्रश्नकर्ता : धाकट्या बहिणीला उद्याच नेतो.