शब्दचर्चा : वॉयनिच हस्तलिखितातल्या सात ताऱ्यांजवळचा शब्द

प्रश्न : येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात वॉयनिच नावाचं एक न वाचता आलेलं हस्तलिखित आहे. त्यात एका पानावर सात ताऱ्यांचा घोस आहे आणि त्याच्याजवळच्या शब्दाचा अर्थ ‘वृषभ नक्षत्र’ लागला, असं वाचलं. अर्थ खरंच लागलाय का? आणि ‘वृषभ नक्षत्र’ हा प्रयोग बरोबर आहे का?

उत्तर : दुसरं आधी, कारण ते सोपं आहे. वृषभ ही रास, नक्षत्र नव्हे. तो सात ताऱ्यांचा घोस म्हणजे कृत्तिका असं बहुतेक जण मानतात. कृत्तिका हे नक्षत्र, आणि तेही पूर्णपणे वृषभेतलं नाही : पहिला चरण मेषेत, उरलेले तीन वृषभेत. खगोलाच्या आजच्या मराठीत कृत्तिका हा तारकागुच्छ, वृषभ हा तारकासमूह.

आता त्या शब्दाकडे. अभ्यासक सोयीसाठी या लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक रोमन अक्षर देतात. त्या पद्धतीने हा शब्द ‘दोआरि’ असा लिहिला जातो. हा उच्चार नव्हे, नुसती खूण. २०१४ साली बेडफर्डशर विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ स्टीफन बॅक्स यांनी तो ‘तौर्न’ असा वाचला, म्हणजे टॉरस, म्हणजे वृषभ. चित्रांवरून वस्तू ओळखायची, तिचं नाव शेजारच्या शब्दात शोधायचं, मिळालेले उच्चार दुसऱ्या शब्दांना लावून बघायचे. रीत अस्सल आहे. इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंनेही टॉलेमी आणि क्लिओपात्रा या विशेषनामांवरूनच वाट काढली होती. ताऱ्यांची नावं त्याला फार सोयीची, कारण ती एका भाषेतून दुसरीत जाताना फारशी बदलत नाहीत.

पण शेवटचं चिन्ह बघा. ते इंग्रजी नवाच्या आकड्यासारखं आहे आणि बॅक्स ते ‘न’ वाचतात. मध्ययुगीन लॅटिन लेखनिक शब्दाच्या शेवटी नेमकी अशीच खूण ‘-उस’ या प्रत्ययासाठी वापरत. मग सरळ ‘तौर-उस’ का वाचू नये? ‘तौर्न’पेक्षा हे कितीतरी चांगलं जमतं! फक्त मग बॅक्सनी ‘कांताइरोन’ ही वनस्पती म्हणून वाचलेला शब्द मोडतो, कारण तिथेही त्यांना तेच चिन्ह ‘न’ म्हणून हवंय.

आणखी गंमत. कृत्तिकांना अरबीत ‘थुरय्या’ म्हणतात. आपल्याकडे सुरैया हे नाव तिथूनच आलंय (फारसी परवीन म्हणजेही कृत्तिकाच). थोडी ओढाताण केली तर ‘दोआरि’तून थुरय्याही निघते. एका शब्दातून तीन नावं निघत असतील तर तिन्हींची किंमत सारखीच, जवळजवळ शून्य.

पुढचा प्रश्न : मग राशींची पानं आहेत ना? तिथे तर राशी ओळखता येतात.

उत्तर : येतात, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. मधोमध राशीचं चित्र, भोवती वर्तुळात छोट्या छोट्या बायका, बहुतेकींजवळ एकेक तारा आणि एकेक शब्द. बहुतेक राशींना तीस बायका, म्हणजे राशीचे तीस अंश असावेत. मेष आणि वृषभ पंधरा-पंधरा करून दोन पानांत विभागल्यात. मकर आणि कुंभ नाहीतच, ते पान गहाळ आहे. धनूच्या हाती धनुष्याऐवजी क्रॉसबो आहे. एवढं सगळं कळतं, आणि शब्द एकही कळत नाही. तिथल्या नावांपैकी बहुसंख्य एकाच गोल चिन्हाने सुरू होतात आणि त्यापुढेही बहुतेकदा ठरावीक दोन उभ्या चिन्हांपैकी एक येतं. ही सुरुवात म्हणजे अरबी ‘अल्’ (नामाआधी लागणारं उपपद) असेल, असं सुचवलं गेलंय. अल्देबरान, म्हणजे आपली रोहिणी, हे नाव तसंच आहे : अल्-दबरान, कृत्तिकांच्या मागून येणारा. कल्पना मला आवडते. पण ‘अल्’ काढून उरलेल्या तुकड्यांतून ओळखीच्या ताऱ्यांची सलग रांग अजून कुणी लावून दाखवलेली नाही.

त्या पानांवर वाचता येणारं एकच लिखाण आहे : साध्या रोमन लिपीत, बहुधा नंतरच्या कुणीतरी घातलेली महिन्यांची नावं. मीनेला मार्च, मेषेला एप्रिल, अशी ओळीने, फ्रेंचच्या जवळच्या वळणाची.

प्रश्न : आणि देवयानी दीर्घिका? तीही काढलीय म्हणतात.

उत्तर : ते जुनं प्रकरण. १९२१ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम न्यूबोल्ड यांनी एका सर्पिल आकृतीला देवयानीतला तेजोमेघ (दीर्घिकेला तेव्हा असंच म्हणत) ठरवलं आणि हस्तलिखित लिहिणाऱ्या, तेराव्या शतकातल्या इंग्लिश विद्वान रॉजर बेकनकडे दुर्बीण होती, असा निष्कर्ष काढला. पण देवयानीचा सर्पिल आकार कळला तो १८८८ च्या छायाचित्रात. नुसत्या डोळ्यांना तो पुसट डाग दिसतो. अक्षरांच्या रेघांत न्यूबोल्डना दिसलेली सूक्ष्म लिपीही वाळून तडकलेली शाई होती, हे १९३१ मध्ये जॉन मॅनली यांनी दाखवलं. पुढे २००९ मध्ये कार्बन चाचणीत हस्तलिखिताच्या पानांचं चामडं १४०४ ते १४३८ या काळातलं निघालं, त्यामुळे बेकनचा प्रश्नच मिटला.

तेव्हा भाषांतर करत असाल तर ‘दोआरि’ तसाच ठेवा, कंसात ‘बॅक्स यांच्या मते वृषभ’ लिहा. आणि ‘नक्षत्र’ काढून टाका.